रमेला, अकरा ठिकाणी

'घरियालक' हा शब्द मराठीच्या कुठल्याही कोशात सापडणार नाही. तो मी तयार केला. दादरला अक्षरजुळणीच्या एका ऑफिसात, दुपारी, चहा पिता पिता. तयार केला तेव्हा मला कळलंही नव्हतं. पुढे तो माझ्या कादंबरीत पानोपानी छापला गेला आणि मग एका सज्जन माणसाला टोपणनाव म्हणून चिकटला. चूक माझी होती, नाव त्यांना पडलं. मला तोंड उघडायला आठ वर्षं लागली.

त्यांचं खरं नाव भिकाजी सोनू जाधव. मुद्रितशोधक, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची प्रुफं तपासणारे. राहायला परळच्या चाळीत, काम गिरगावात. मी त्यांना जाधवकाका म्हणायचो. काका गेले त्याला आता वर्ष होत आलं.

मी परब, विमा कंपनीत नोकरी करतो, लालबागला राहतो, आणि आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. परळच्या चाळीतली एक मुलगी, वडिलांची गिरणी बंद पडलेली, घरमालक खोली खाली करायला सांगतोय, आणि ती हटत नाही, अशी गोष्ट. गिरगावातले एक वयस्क प्रकाशक ती छापायला तयार झाले. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना म्हणाले, "प्रुफं जाधवांकडे जातील. ते काही बोलले तर मनावर घेऊ नका." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, घ्याच."

काकांना पहिल्यांदा पाहिलं ते नानांच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलाशी. ठेंगणे, इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि हातात ती जुनी पेन्सिल, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. बसा म्हणायच्या आधी त्यांनी मला पेन्सिलच समजावून सांगितली.

"लाल म्हणजे चूक. ती मी दुरुस्त करतो. निळी म्हणजे शंका. ती लेखकाने दुरुस्त करायची. मी तिला हात लावत नाही."

"शंका कसली?"

"ते कळेल तुम्हाला. लेखकांना लाल चालतं. निळं दिसलं की चिडतात."

निळ्या खुणा बहुतेक करून नावांवर असायच्या. पात्रांच्या नावांवर. शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असं नवख्याला वाटायचं. पण काका आधी वाचक होते आणि मग मुद्रितशोधक. ते म्हणायचे, "नाव खोटं वाटलं तरी मी वाचत राहतो, पण बाहेर उभा राहून. आत जात नाही."

एका कादंबरीत सुरेश, सुधीर आणि सुनील असे तीन भाऊ होते. काकांनी समासात लिहिलं होतं, 'एका घरात अशी नावं असतात, मान्य. पण शंभर पानं झाली तरी माझ्या डोक्यात तिघांना मिळून एकच मिशी आहे.' लेखकाने मधल्याचं नाव बदललं. काका खूश होऊन नानांना सांगत होते, आता तिघंही वेगवेगळे जेवायला लागले.

ही खोड त्यांना कंपोझिटर असताना लागली. विशीत ते छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. "तेव्हा छापायच्या वेळी लेखकाला नाव बदलायची हुक्की आली, तर दोनशे ठिकाणी चिमट्याने खिळे उपसायला लागायचे. आमचे मालक सांगायचे, साहेब, आता बारसं झालं. मग पुढच्या वेळी तो माणूस आधी नीट विचार करून नाव ठेवायचा." काकांना प्रत्येक अक्षर बोटांनी माहीत होतं. एखादं लांबलचक नाव वाचलं की ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे, जणू त्याचे खिळे मोजतायत.

नावाची परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत होती. एका लेखिकेने चाळीतल्या मुलीचं नाव शर्वरी ठेवलं होतं. काका संध्याकाळी आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने हाक मारली, "शर्वरी." कोणी आलं नाही. पुन्हा मारली. खालून एका बाईने विचारलं, "कोण पायजे ओ जाधव?" "शर्वरी." "नवीन भाडेकरू आलेत काय?" मग काकांनी हाक मारली, "सुमन." दोन दारांतून दोन सुमन बाहेर आल्या आणि तिसऱ्या दारातून तिसरीची सासू, ती बाजारात गेलीय सांगायला. दुसऱ्या दिवशी प्रुफाच्या समासात निळ्या पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं : 'हाक मारली. कोणी आलं नाही.'

सकाळी ते कधी कधी परळहून शिवाजी पार्कला जाऊन कट्ट्यावर बसायचे. फिरायला नाही, ऐकायला. क्रिकेटच्या जाळ्यांपाशी आया मुलांना काय नावाने हाका मारतात ते एका वहीत लिहून घ्यायचे. लग्नाच्या पत्रिका आणि दारांवरच्या पाट्याही त्या वहीत उतरलेल्या असायच्या. मी एकदा विचारलं, याचा उपयोग काय? म्हणाले, "उद्या कोणी लेखक म्हणेल, दादरच्या मुलाचं नाव हे नसतं. मी पान काढून दाखवीन."

पण त्यांचा एक हट्ट निव्वळ कानाचा नव्हता. एका मोठ्या लेखकाच्या कादंबरीत दहा पात्रांना नावं-आडनावं होती, कुत्र्याला इंग्रजी नाव होतं, आणि भांडी घासणारी नुसती 'बाई' होती. जिथे जिथे बाई येईल तिथे काकांनी निळ्याने लिहिलं, 'बाईंचं नाव?' पन्नास-साठ वेळा. लेखक तणतणत नानांच्या ऑफिसात आले. मी तिथेच होतो.

"जाधव, अहो तिला कथेत काही काम नाही."

काका वर न बघता म्हणाले, "काम तर सगळं तीच करतेय, साहेब."

लेखक हसायलाच लागले. बाईला नाव मिळालं, आडनावही मिळालं. काका नंतर मला म्हणाले, "नाव दिल्यावर पुढच्याच प्रकरणात ती बोलायला लागली, बघितलंत? तोपर्यंत मुकी होती."

मग स्वतःबद्दल त्यांनी कधी नव्हे ते चार वाक्यं सांगितली. "माझ्या आधी दोन गेले, परब. म्हणून आईने मला भीक मागून घेतला. भिकाजी. या नावाचा माणूस मी कुठल्या कादंबरीत नायक झालेला पाहिला नाही. गडी असतो, नाहीतर हसायला ठेवलेला शिपाई. मी वाचताना त्या शिपायाकडेच बघत बसतो."

काकूंचं नाव सुलोचना. साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून काका रोज संध्याकाळी त्यांना छापून आलेलं पुस्तक वाचून दाखवायचे. "नाव सुलोचना आणि डोळ्यांनी दगा दिला," ते म्हणायचे. "असं कोणी कादंबरीत लिहिलं असतं, तर मी समासात लिहिलं असतं, फार जुळवलंय." काकू आतून म्हणायच्या, "आणि भिकाजी नावाचा माणूस सगळ्यांना नावं वाटत फिरतो, ते नाही ओ जुळवलेलं?"

माझ्या नायिकेचं नाव रमा होतं. त्या नावाला काकांनी निळी खूण केली नाही. आमच्या वस्तीत ते नाव आदराने ठेवतात, एवढंच म्हणाले. खूण होती ती आडनावाच्या मोकळ्या जागेवर : 'रमाचं आडनाव?'

मी त्यांच्या घरी गेलो होतो, गॅलरीत स्टुलावर बसलो होतो. म्हटलं, "राहू दे ना काका. गरज काय आडनावाची?"

"तुम्ही लपवलंत की वाचक आपलं लावतो. जो तो आपल्याच जातीचं. मग ती तुमची रमा राहत नाही."

मी घाबरून लपवलं होतं, हे खरं होतं. आडनाव दिलं की लोक मला विचारणार, तुम्हाला या घरातलं काय ठाऊक? उत्तर शोधताना माझी नजर त्यांच्या दारावरच्या पाटीवर गेली आणि मी म्हटलं, "जाधव."

काकांनी वळून पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे बरं केलंत. निम्मे लोक कोड्यात पडतील. मलाही विचारतात, जाधव म्हणजे नेमके कुठले? मी सांगतो, परळचे."

मी गमतीने विचारलं, "मग रमाला हाक मारून बघितलीत की नाही?"

"नाही. ती नाही मारली," म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. पाण्याचा तांब्या बाहेरच होता.

शेवटचा वाद झाला तो व्याकरणावर. मी सगळीकडे 'रमाला, रमाचा' लिहिलं होतं. काकांचं म्हणणं, बोलण्यात चालेल, पण निवेदनात 'रमेला, रमेचा' हवं. माला, मालेला. रमा, रमेला.

"असं आता कोण लिहितं, काका?"

"कोणी लिहीत नाही म्हणून तर. नुसता प्रत्यय चिकटवला की नाव ताठ राहतं. रमेला म्हटलं की ते जरा वाकतं. कोणी हाताला धरल्यासारखं."

अखेर तडजोड झाली. पुस्तकभर माझं 'रमाला' राहील. शेवटच्या प्रकरणात, नायक तिला आठवत एकटाच बसलेला असतो तिथे, काकांचं 'रमेला'. त्यांनी लाल पेन्सिलीने अकरा ठिकाणी नाव वाकवलं, शेवटच्या प्रुफावर सही केली, आणि त्यांचं काम संपलं.

त्यानंतर चार दिवसांनी माझ्या पुतणीने, सईने, पहिलं प्रकरण वाचलं. ती तेव्हा कॉलेजात होती. म्हणाली, "काका, हिरॉइन रमा? आमच्या अख्ख्या कॉलेजात एक रमा नाहीये. रिया ठेव ना. शॉर्ट आहे, मस्त आहे."

मी रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही. तरुण वाचक पुस्तक हातात धरणार नाहीत ही भीती आधीच होती, तिला सईने नाव दिलं इतकंच. काकांना विचारलं तर ते काय म्हणतील हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून सुटी घेऊन थेट दादरला गेलो. तिथे पुस्तक संगणकावर लावणारी नीता होती. तिला सांगितलं, रमाच्या जागी सगळीकडे रिया कर.

नीता म्हणाली, "फक्त पूर्ण शब्द बदलू का? म्हणजे दुसऱ्या शब्दांत ती अक्षरं असली तर हलणार नाहीत."

"नको. मग रमाला, रमाचा राहून जातील. सगळंच बदल."

तिने एक कळ दाबली. चाळीस वर्षांपूर्वी ज्या कामाला काकांना चिमटा घेऊन दोन दिवस लागले असते, ते माझा चहा संपायच्या आत झालं. नीताने विचारलं, "जाधवकाकांना एकदा दाखवायचं ना?" मी म्हटलं, "मी सांगतो त्यांना." तिने विश्वास ठेवला.

संगणकाने सांगितलं तेवढंच केलं. घरमालक या शब्दात 'रमा' आहे, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पुस्तकात घरमालक पानोपानी होता, तो घरियालक झाला. गरमागरम भजी गरियागरम झाली. नायकाला एके ठिकाणी तिच्यावाचून करमायचं नाही, तिथे त्याला करियायचं नाही असं छापलं गेलं. आणि शेवटच्या प्रकरणातली 'रमेला, रमेच्या' ही अकरा रूपं मात्र संगणकाला ओळखू आली नाहीत. ती तशीच राहिली. पुस्तकभर रिया, आणि शेवटी अचानक कुठलीशी रमा.

पुस्तक बाहेर पडल्यावर तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला.

"परब, हा घरियालक कोण?"

मी पान उघडलं आणि सगळं एका क्षणात समजलं. नाना म्हणाले, "नाव बदललंत, ठीक आहे, लेखकाचा हक्क आहे. पण बदलल्यावर प्रूफ जाधवांच्या नजरेखालून गेलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

तेवढंच. आजही मला वाटतं, त्या वेळी मी 'थांबा नाना' म्हणालो असतो तरी पुरलं असतं. नानांनी प्रत्येक प्रतीत एक शुद्धिपत्र घातलं. त्यावर छापलं होतं, 'मुद्रितशोधनात राहिलेल्या चुकांबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' आणि पुस्तकाच्या चौथ्या पानावर होतं, 'मुद्रितशोधन : भिकाजी जाधव.'

दादरच्या एका वाचनालयात पुस्तकावर चर्चा ठेवली होती. शुद्धिपत्रामुळे लोक थोडे हसले, पण सांभाळून बोलत होते. एक बाई उठून म्हणाल्या, "शेवटी नायकाला ती जुनी रमा आठवते, ते मला फार आवडलं. आता रियाबरोबर आहे, पण मनात रमा. ती कोण ते तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत ना?"

मी म्हटलं, "हो, मुद्दाम."

आणि मागच्या रांगेत पाहिलं तर काका बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्यापाशी आले. पुस्तक उलटसुलट करून म्हणाले, "बांधणी चांगली झालीय." मग माझ्याकडे बघत राहिले. मी कुठे उतरणार, कसे जाणार, असलं काहीतरी विचारलं. ते थोडा वेळ थांबले, मान हलवली आणि गेले.

नानांनी त्यांना काढलं असं नाही. काम पाठवायचं थांबवलं. गिरगावातल्या इतर दोन-तीन प्रकाशकांपर्यंत गोष्ट गेलीच होती. काही महिन्यांनी मी नानांच्या ऑफिसात बसलो असताना कोणीतरी प्रुफांचा गठ्ठा दाखवून म्हणालं, "हे कोणाकडे द्यायचं? घरियालककडे?" सगळे हसले. मीही हसलो. ज्या माणसाने भांडी घासणाऱ्या बाईला नाव मिळवून दिलं, त्याचं नाव आम्ही असं ठेवलं होतं.

त्यानंतर मी त्यांना टाळत गेलो. एकदा सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ते दिसले. मांडीवर वही होती. मी दुसऱ्या फाटकाने बाहेर पडलो. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही. पाहिलं असावं. वाचता वाचता एक अनुस्वार ज्यांच्या नजरेतून सुटत नव्हता, त्यांच्या नजरेतून मी काय सुटणार? पुढे चाळ पुनर्विकासाला गेली आणि काका-काकू वडाळ्याला मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं. मला बरं वाटलं. इतका मी खाली गेलो होतो.

हे असंच राहिलं असतं. पण गेल्या वर्षी सईला मुलगी झाली. लालबागच्या आमच्याच घरी बारसं होतं. आत्याने पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "रमा."

मी सईला बाजूला घेऊन विचारलं, "रमा? तू तर म्हणाली होतीस..."

"कधी? अरे काका, आता जुनी नावंच चालतात. गोड आहे ना?"

गोड होतंच. ती कधी काय म्हणाली होती, हे तिला आठवायचं कारण नव्हतं. तिच्या एका वाक्यामागे मी आठ वर्षं लपलो होतो, यात तिचा काय दोष? पेढा हातात तसाच राहिला. पुढच्या रविवारी वडाळ्याला गेलो.

बारावा मजला होता. दार काकूंनी उघडलं. नजर आता जवळजवळ गेलेली, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. "परब का ओ? या. फार दिवसांनी आलात."

काका खिडकीशी बसले होते. खूप बारीक झाले होते. शर्ट मात्र तोच, इस्त्रीचा. "या, परब. इथे बघा, हाक मारायला गॅलरी नाही. खिडकीला जाळी. ओरडलो तरी आवाज आपल्याच घरात फिरतो."

मला वाटलं होतं, मी बोलेन. पण मी रात्री बसून लिहिलेला कागद खिशातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग घेतलं. काकू म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा."

काकांनी वाचलं : "माझ्या कादंबरीच्या मुद्रितशोधनाबाबत जो गैरसमज झाला आणि त्यामुळे आपल्याला जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे."

काकांनी भिंग खाली ठेवलं. मग काकू म्हणाल्या, "यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला वाचून दाखवायला बसले आणि अडले. मी विचारलं, घरियालक म्हणजे काय हो? तर म्हणाले, बहुतेक मगर. मग बोटांनी काय काय मोजलं आणि पुस्तक मिटून ठेवलं."

मी काकांना विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत? नानांना सांगायचं होतं. मला तोंडावर विचारायचं होतं."

"चूक असती तर दुरुस्त केली असती," काका म्हणाले. "ही निळी होती."

त्यांनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली. बोटभर उरली होती, तरी दोन्ही टोकं होती. माझा कागद टेबलावर ठेवून त्यांनी आधी लाल टोक टेकवलं.

"गैरसमज झाला. मनस्ताप झाला. झाला, झाला. हे आपोआप झालं काय? कर्ता कुठाय?"

"मी केलं, काका."

"मग तसं लिहा. आणि यात कोणाचंच नाव नाही. कोणी केलं, कोणाला केलं? नाव नसलेल्या माणसांची गोष्ट मला वाचवत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहिलं. जाधव यांनी तपासलेल्या प्रतीत एकही चूक नव्हती, असंही लिहिलं. त्यांनी तिथे लाल रेघ मारली. "खोटं. ब्याण्णव पानावर एक अनुस्वार राहिला होता आणि पुढे एक वेलांटी. दोन लिहा."

मग पेन्सिल उलटी केली. 'नायिकेचं नाव' या शब्दांखाली निळी रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली. खिडकीकडे बघत म्हणाले, "माझ्या आधी दोन गेले, सांगितलं होतं मी तुम्हाला. त्यातली मोठी रमा. चार वर्षांची होऊन गेली. फोटो नाही, कागद नाही, शाळेत नाव घालायच्या आधीच गेली. रमा जाधव असं लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा तुमच्या प्रुफात वाचलं. तुमची रमा मोठी झाली, घरमालकाशी भांडली. मी सावकाश वाचत होतो."

मी म्हटलं, "मी ती सगळीकडून काढून टाकली."

"सगळीकडून नाही. अकरा ठिकाणी राहिली."

काकू म्हणाल्या, "तेवढीच पानं वाचून दाखवतात मला. रमेला, रमेच्या. पाठ झालीत."

कागदाच्या तीन प्रती केल्या. एक नानांना नेऊन दिली. ते आता थकलेत, पण त्यांनी दोनदा वाचली आणि मला बसा म्हणाले नाहीत. एक वाचनालयात, जिथे ती चर्चा झाली होती तिथे, माझ्या पुस्तकात चिकटवून आलो. तिसरी काकांकडे राहिली. त्या दिवशी निघताना मी दारातून मागे पाहिलं, तर ते भिंग धरून ती काकूंना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवत होते. प्रत्येक नावापाशी अंगठा तर्जनीवर घासत होते. नंतर माझी त्यांची भेट झाली नाही.

कागदावर असं आहे :

'मी, सुहास वसंत परब, माझ्या कादंबरीतल्या नायिकेचं नाव शेवटचं प्रूफ तपासून झाल्यावर, भिकाजी सोनू जाधव यांना न सांगता बदललं. त्यातून आलेल्या सगळ्या चुका मी केल्या. प्रकाशकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, वाचनालयात बाईंनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. भिकाजी सोनू जाधव यांनी तपासलेल्या प्रतीत दोन चुका होत्या. नायिकेचं नाव रमा जाधव आहे. भिकाजी सोनू जाधव यांची आणि रमेची मी माफी मागतो.'